बावेच्या पायरीवरचे डॉक्टर

आमच्या घरमालक डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. माझी पाणथरी, म्हणजे प्लीहा, तपासली.

मी शहाद्याच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि त्यांच्या दारात उभा राहून भाड्याच्या खोल्यांची चौकशी करत होतो. त्यांनी मला ओट्यावरच्या बाकावर आडवं व्हायला सांगितलं. सदरा वर केला, डाव्या बरगडीखाली बोटं खुपसली आणि म्हणाले, "श्वास घ्या. सोडा. वाढलेली नाही. कुठले तुम्ही?"

"नाशिककडचा."

"मग वेळ आहे अजून. इथले दोन पावसाळे अंगावर काढा, हिवताप तिला आपोआप वाढवील. मागच्या दोन खोल्या घ्या."

भाड्याचा विषय मीच नंतर काढला. तोवर ते माझ्या बायकोच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते पाहत होते, आणि ती बिचारी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायलाही विसरली होती.

डॉक्टर गेले त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं. त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून मी अनेकदा बसलो आणि प्रत्येक वेळी राग येऊन उठलो. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं.

ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, विधुर, मूलबाळ नसलेले. पेन्शन येई ती बरीचशी मासिकांवर जाई. मुंबईहून आणि विलायतेहून वैद्यकाची मासिकं येत. नंदुरबारच्या स्टेशनावर उतरत आणि तिथून मोटारीने शहाद्याला. पावसाळ्यात तापी चढली की टपाल प्रकाशा गावापाशी पलीकडच्या काठावर अडे, आणि मग डॉक्टर पिंजऱ्यातल्या वाघासारखे ओट्यावर येरझारा घालत. अंक हाती पडला की त्या दिवशी जेवण नाही. संध्याकाळी ते पानात बोट घालून आमच्या दारात येत आणि म्हणत, "मास्तर, जुनं रद्द."

हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की आजही कुणी म्हणालं तर मी आधी दाराकडे बघतो. कारण रद्द होणारं जुनं म्हणजे त्यांनी मागच्याच महिन्यात आमच्यावर लादलेलं असे. एका अंकाने सांगितलं, की घशातल्या गाठी सगळ्या दुखण्यांचं मूळ आहेत. त्या काढून टाकाव्यात. झालं. डॉक्टर बाजारात भाजीवाल्याला तोंड उघडायला लावू लागले. माझ्या वर्गातल्या काही पोरांच्या गाठी त्यांनी खरोखर काढल्या, हात चांगला होता त्यांचा. पुढे दुसऱ्या अंकात आलं, की उगाच काढू नयेत, त्यांचाही काही उपयोग असावा. डॉक्टर त्या प्रत्येक पोराच्या घरी गेले आणि आईबापांची माफी मागून आले. आईबापांना काहीच कळलं नाही. एकाच्या बापाने घाबरून विचारलं, "आते काय परत बसाडनार शेत का?"

अंकुश-कृमी अनवाणी पायातून शिरतो हे वाचल्यावर त्यांनी परसाकडे जाताना जोडा सक्तीचा केला. जीवनसत्त्वांचं वाचल्यावर भाताची पेज फेकायला बंदी आली. हत्तीरोगाने सुजलेली गाठ कापण्याची नवी रीत वाचली तेव्हा ती मला कळावी म्हणून त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या वांग्यावर सुरी चालवून दाखवली. त्या दिवशीचं भरीत बायकोने रागाने केलंच नाही. ती मला म्हणायची, "त्यांचा एखादा अंक नदीत पडू दे. एक महिना तरी सुखाने जाईल."

एक गोष्ट मात्र कुठल्याही अंकाने रद्द केली नाही, आणि तिच्यापायीच डॉक्टरांचं गावाशी बिनसलं. ती म्हणजे नारू.

नारू आता ऐकू येत नाही, म्हणून सांगतो. पायाला फोड येतो, आग होते, आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. घाईने तुटला तर पाय सुजतो, पू होतो, गुडघा आखडतो, माणूस जन्माचा लंगडतो. आमच्या भागात उन्हाळा आला की घरटी एक माणूस अंथरुणावर असे, आणि ऐन पेरणीला कर्ता माणूस खाटेवर पडून बैलांकडे बघत राही.

आमच्या पेठेला पाणी एकाच ठिकाणचं. पायऱ्यांची जुनी विहीर; तिला सगळे बाव म्हणत. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. खालच्या पायरीजवळ कोनाड्यात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर माखलेले सात दगड. बाया खाली उतरायच्या, आसरांना हात जोडायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. ज्याच्या पायाला नारू तो तर मुद्दाम यायचा. पाय पाण्यात सोडला की आग थांबते. आसरा दुखणं ओढून घेतात अशी सगळ्यांची समजूत, आणि क्षणभर तसं वाटायचंही.

"आसरा नाही ओढत," डॉक्टर ओरडत. "नारूची मादी नेमकी पाणी लागायची वाट बघत असते! पाणी लागलं की ती हजारो पिल्लं सोडते. ती पिल्लं पाण्यातला बारीक किडा खातो. तो किडा तुम्ही घागरीतून घरी नेता, पिता, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच नारू तुमच्या पायातून बाहेर येतो!"

अडचण त्या 'पुढच्या उन्हाळ्यात'ची होती. आज प्यालेलं पाणी वर्षाने पायातून निघतं, ही गोष्ट कुणाच्या गळी उतरावी? तापीबाई म्हणून पेठेतली एक वडीलधारी बाई होती. बावेवर तिचा शब्द चाले. ती म्हणे, "डाक्टर, काल काय खादं ते माले याद ऱ्हात नही, आन तुम्ही मांगला सालनं पानी सांगी ऱ्हायनात!" बाया पदरात हसत.

डॉक्टरांचं म्हणणं दोन वाक्यांत संपण्यासारखं होतं. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या. आणि पायऱ्या बंद करून वरून रहाटाने पाणी काढा, म्हणजे कुणाचा पाय पाण्यात जाणार नाही. पण डॉक्टरांचं कुठलंच म्हणणं कधी दोन वाक्यांत संपलं नाही. ते सूक्ष्मदर्शक घेऊन घरोघर जात, ऐन स्वयंपाकाच्या वेळी माठ उपसत, आणि "हा बघा, हा बघा" म्हणत भाकरी थापणाऱ्या बाईला उठवत. पाहुणे म्हणून गेले तर समोर आलेला पाण्याचा तांब्या उजेडाकडे धरत, त्यात टक लावून बघत, खिशातून फडकं काढून यजमानांसमोर गाळत आणि मग पीत. लग्नकार्यात त्यांना बोलावणं बंद झालं ते यामुळे.

आमच्या शेजारी एक जैन शेठजी राहत, किराणा दुकान होतं. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पाणी गाळून पिण्याची रीत. सबंध पेठेत नारू नसलेलं ते एकच घर. डॉक्टरांना हे लक्षात आलं त्या दिवशी ते शेठजींना मिठी मारायचेच बाकी राहिले. "बघा," ते सगळ्यांना ओढून आणून सांगत, "या घरात नारू का नाही?"

"पैसावाला शेतस," कुणी म्हणे. "पुन्यवान शेतस," दुसरा म्हणे. फडक्याचं नाव कुणी घेत नसे.

मग एका सकाळी डॉक्टरांनी शेठजींना बावेवर पाहिलं. गाळण्यात राहिलेले जीव मरू नयेत म्हणून शेठजी ते फडकं उलटं करून, लहानशा भांड्यातून, अगदी हळुवारपणे पुन्हा बावेत सोडत होते. तीही त्यांच्या घरची जुनी रीत. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत.

डॉक्टर पायऱ्यांवर मटकन बसले. "शेठजी! मी गावभर यांच्या मागे लागलोय, आणि तुम्ही यांना घरपोच करता?"

"दाक्तरसाहेब, जीव छे," शेठजी शांतपणे म्हणाले. "एमने पण जीववानो हक छे."

यावर डॉक्टरांनी काय करावं? त्यांनी आमच्या परसात एक हौद बांधून घेतला आणि शेठजींना सांगितलं, तुमचे जीव इथे सोडत जा, हे पाणी कुणी पिणार नाही. शेठजी आनंदाने कबूल झाले. मात्र डास होऊ नयेत म्हणून हौदात बारीक मासे सोडायचे, असंही डॉक्टरांनी कुठल्याशा अंकात वाचलं होतं, आणि ते त्यांनी केलं. शेठजींना एक दिवस ते मासे जीव गिळताना दिसले. ते भांडं घेऊन परत बावेकडे निघून गेले. दोघांचं बोलणं पुढे कित्येक दिवस बंद होतं, आणि दोघांचे निरोप पोचवायला मी.

आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या घोट्याला नारू आला. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्याच महिन्यात होतं. ती खाटेवर पडून रडायची. पायाची आग म्हणून की लग्न चुकलं म्हणून, ते मी विचारलं नाही. डॉक्टर रोज सकाळी येत, काडीला नारूचा एक वेढा घेत आणि थांबत. ते एवढे उतावळे गृहस्थ, पण या कामात त्यांचा हात कधी घाई करत नसे. त्यांनी तिला पाय बादलीत बुडवू दिला, आणि ते पाणी स्वतः उकळून रस्त्याकडेच्या धुळीत ओतलं. बावेच्या वाटेला पाय ठेवू दिला नाही. बायकोचा पाय नीट झाला. लंगडी झाली नाही. पण त्यानंतर त्यांचा हट्ट वाढला.

पुढच्या उन्हाळ्यात, फोड यायला लागले तसे, एका सकाळी ते जाऊन बावेच्या शेवटच्या पायरीवर बसले. अंगात कोट, डोक्याला टोपी, पायात बूट, आणि बूट पाण्यात. दोन्ही हात पसरून.

"नारूवाला पाय पाण्यात जाणार नाही," ते म्हणाले. "जायचं असेल तर मला ढकलून जा."

आता त्यांना ढकलणार कोण? अर्ध्या पेठेची बाळंतपणं त्यांच्या हातची. बाया वरच्या पायऱ्यांवर घागरी घेऊन ताटकळल्या. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. मला शाळेत निरोप आला. मी गेलो, विनवण्या केल्या, हात धरून ओढलं. ते ढिम्म. "मास्तर, तुम्ही शाळा बघा."

तापीबाई सर्वांत पुढे उभी होती. तिच्या मागे तिची सून, पायाला चिंधी बांधलेली.

"आसरासना मव्हरे जोडा घालीसन बठात, डाक्टर," ती म्हणाली. "लाज नही वाटत?"

"आसरांचं मी काय केलं? त्यांनी पायऱ्या थोड्याच बांधल्यात?"

"तुम्हना बोलनं त्या ऐकी ऱ्हायन्यात."

"ऐकू द्या. त्यांनाही कळेल."

ऊन चढलं. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दगड हाताला चटके देतात. बावेच्या तळाशी वारा नाही. दुपारपर्यंत डॉक्टर तसेच बसले होते, पाणी न पिता, कारण गाळायचं फडकं घरी विसरलं होतं. मग मी पाहिलं, त्यांची टोपी तिरकी झाली, आणि ते हळूहळू एका कुशीवर कलंडले.

सगळ्यांत आधी धावली ती तापीबाई. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझी बायको घागर घेऊन उतरली होती. तिने जागच्या जागी ओंजळ भरून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग घोटघोट पाजलं. डॉक्टर गटागटा प्याले. डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं, आणि पहिला प्रश्न केला तो असा:

"वहिनी, हे पाणी गाळलेलं होतं?"

"नाही हो," ती घाबरून म्हणाली. "सुचलंच नाही."

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. ते तापीबाईच्या मांडीवरून उठून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तम! सगळ्यांनी पाहिलंत ना? मी या बावेचं पाणी न गाळता प्यालो. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पायातून नारू निघेल. निघाला तर माझं म्हणणं खरं, आणि मग पायऱ्या बंद. बोला, कबूल?"

"डोकामा ऊन गयं," तापीबाई म्हणाली. "घर लई जा त्यास्ले."

त्यानंतरचं वर्ष मी विसरू शकत नाही, विसरायची इच्छा असली तरी. माझी बायको रोज देवापुढे उभी राहून म्हणायची, नको रे, त्यांना नको. आणि डॉक्टर रोज सकाळी ओट्यावर बसून स्वतःचे पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत चाचपायचे आणि निराश होऊन म्हणायचे, "अजून नाही." दिवाळीला आमच्याकडे फराळाला आले तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, झाला नाही तर देवाचे आभार माना."

ते चकली खाता खाता थांबले. "मास्तर, तुम्ही माझे मित्र आहात की नाही?"

फाल्गुनात त्यांच्या उजव्या घोट्यावर फोड आला. पहाटे त्यांनी आमचं दार बडवलं. मी घाबरून उघडलं तर ते एका पायावर उभे, धोतर वर धरलेलं, आणि चेहरा असा की जणू मुलगा झालाय. "आला! वहिनी, आला!" माझी बायको रडायला लागली. त्यांना कळेना ही का रडते.

फोड फुटला तसा त्यांनी पाय बादलीत घातला, त्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. पेठेला आवतण दिलं. देवदर्शनाला लागावी तशी रांग लागली. प्रत्येक जण डोळा लावी, आत वळवळणारी बारीक पिल्लं बघी आणि "अगं माय" म्हणून मागे सरे. डॉक्टर आगीने तळमळत होते, घाम गळत होता, पण प्रत्येकाला सांगत होते, "ही माझ्या पायातली. ही मी बावेतून प्यालो. तुम्ही पाहिलंत."

शेठजी आले. त्यांनी पुष्कळ वेळ डोळा लावला. मग हळूच विचारलं, "दाक्तरसाहेब, हवे आ जीवोनुं शुं करशो?"

"उकळणार."

शेठजींनी टोपी सारखी केली आणि उकळायच्या आत निघून गेले.

रांगेत सर्वांत शेवटी तापीबाई. तिने डोळा लावला, पाहिलं, वर बघितलं. डॉक्टर पुढे झुकून वाट पाहत होते. एवढी वर्षं ज्या एका बाईला पटवायचं होतं ती समोर होती.

"आसराच लागनी," ती म्हणाली. "जोडा घालीसन तिना पानीमा बठनात. तिनी साल भर वाट देखी, मंग दिधं."

आणि सबंध पेठेला ते पटलं. डॉक्टरांनी स्वतः तारीखवार सांगून ठेवलं होतं ना? म्हणजे त्यांनाही आपला अपराध ठाऊक होता.

त्या दिवशी डॉक्टर रात्रीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जवळ बसलो. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, पुरावा यापेक्षा चांगला कसा देतात?" खरं सांगायचं तर मला हसू येत होतं, आणि हसू येतं याचा राग येत होता.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. आसरांना पाय खपत नाही, हे एकदा ठरल्यावर बायांना धास्ती पडली. डॉक्टर तर निदान बुटासकट बसले. आपण रोज अनवाणी, मळके, दुखरे पाय घालतो. तापीबाईच्या सुनेचा पाय तर अजून आखडलेला होता. आठवड्याभरात तापीबाईने आपल्या शब्दावर पेठेतल्या गड्यांना कामाला लावलं. शेवटच्या पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या पडल्या, मग दगडांची भिंत उभी राहिली, वर रहाट बसला. आसरांचे सात दगड वाजतगाजत वर आणून भिंतीवर बसवायचं ठरलं.

पायऱ्या बंद झाल्या! जे डॉक्टर इतकी वर्षं मागत होते ते झालं. मी धावत सांगायला गेलो. ते काडीला नारूचा वेढा देत बसले होते. ऐकलं आणि माझ्यावरच खेकसले, "चुकीच्या कारणाने!"

"असेना का डॉक्टर! झालं ना?"

"काय झालं? पाय बंद झाले. पाण्यात आहेत ते किडे? ते आता काय उपाशी मरतील? ते जिवंत आहेत, पोटात पिल्लं घेऊन बसलेत. आसरा शांत झाल्या म्हणून या बाया निर्धास्त होतील आणि तसंच पाणी पितील. पुढच्या वर्षी पुन्हा नारू निघाले तर म्हणतील, भिंतीचाही उपयोग नाही, पाडा. मी जाऊन सांगतो. आसरांचा काही संबंध नाही."

ते काठी शोधू लागले. मी दारात आडवा उभा राहिलो. आयुष्यात मी कुणावर आवाज चढवला असेन तर त्या दिवशी. म्हटलं, "तुम्ही आज तिथे जाऊन हे बोललात तर भिंत आजच पडेल. एकदा तरी गप्प बसा!"

"मी खोटं कबूल करू?"

"कबूल नका करू. नुसते गप्प बसा."

"म्हणजे तेच."

आमचा आवाज ऐकून बायको पुढच्या घरात आली. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि डोक्यावर पदर घेऊन तापीबाईकडे गेली. तिथे ती काय बोलली ते मला नंतर कळलं. तिने विचारलं होतं, "मावशी, एवढी आसरा वर येतेय, तिला कसलं पाणी घालायचं? गढूळ, किड्यांचं? ते तिला चालेल?" तापीबाईने विचार केला. मग ठरलं, की आसरांना गाळलेलंच पाणी. आणि देवाला जे चढत नाही ते घरच्या माठात कसं भरायचं? म्हणून घागर घरी न्यायची तीही गाळूनच.

स्थापनेच्या दिवशी सगळी पेठ बावेवर जमली होती. डॉक्टरांना आम्ही दोघांनी धरून नेलं. पायाला पट्टी, काडी तिच्या आत बांधलेली. तोंड घट्ट मिटलेलं. मला ठाऊक होतं, ते कुठल्याही क्षणी उघडेल. तापीबाईने तांब्या भरला आणि तो त्यांच्यापुढे केला.

"पहिलं पानी तुम्ही घाला, डाक्टर. आसरानी तुम्हले धरं व्हतं. तुम्हीच मनावा तिले."

सगळे बघत होते. मी डॉक्टरांचा दंड दाबून धरला. त्यांनी तांब्या घेतला, आणि सवयीप्रमाणे उजेडाकडे धरला. पुष्कळ वेळ आत बघत राहिले. एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कुणी तरी गप्प केलं.

"गाळलंय," ते म्हणाले.

आणि त्यांनी पाणी आसरांवर ओतलं.

त्यापुढच्या उन्हाळ्यात पेठेत मोजकेच नारू निघाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला तरी दिसला नाही. मी डॉक्टरांच्या मागे लागलो, की आता हे तुम्ही तुमच्या मासिकाला लिहून पाठवा. जन्मभर दुसऱ्यांचे शोध वाचलेत, हा तुमचा. इंग्रजी मी सुधारून देतो. त्यांनी खरोखर कागद घेतला, बावेचं वर्णन लिहिलं, स्वतःच्या पायाचं लिहिलं. मग लेखणी थांबली.

"मास्तर, पायऱ्या बंद झाल्या त्याचं कारण काय लिहू?"

"लोकांना पटलं, असं लिहा."

"पटलं नाही."

"मग लिहूच नका कारण."

"कारणाशिवाय शोध कसा होतो?" त्यांनी कागद बाजूला ठेवला, तो कायमचा. असा माणूस! सगळं हातात असताना एका ओळीसाठी सोडून दिलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाही न घेता उठलो.

ते गेले ते साध्या तापाने, चार दिवसांत. उशाशी अंक होता, न फोडलेला. शेवटच्या संध्याकाळी माझ्या बायकोने चमच्याने पाणी पाजलं तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच काही विचारलं. तिने "हो, हो, गाळलंय" म्हणून सांगितलं. तो अंक मी नंतर फोडला. मला त्यातलं फारसं कळलं नाही. बरंच जुनं त्यात रद्द झालेलं दिसलं.

परवा मी बावेवरून येत होतो. आसरांच्या रांगेत आता आठ दगड आहेत. आठवा थोडा उंच, शेंदूर ताजा. रहाटावर पाणी ओढून एक नवी सून भरली घागर डोक्यावर घेत होती. मी ओळखत नव्हतो. तिने मला थांबलेलं पाहिलं.

"हात जोडा, मास्तर," ती म्हणाली. "डाक्टरबाबा शे तो. हात नही जोडात ते पायमा नारू सोडस."

मी तोंड उघडलं. नारू ते सोडत नव्हते गं, तो... पण पुढचं सगळं मला सांगावं लागलं असतं, किड्यापासून, वर्षभराच्या हिशेबापासून, आणि उन्हात तिच्या डोक्यावर भरली घागर होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून मला तहान लागलीय असं समजलं. घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधलेलं होतं. तिने घागर उतरवून ते न सोडता तांब्यात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे केलं.

"फडकं कशाला बांधतेस?" मी विचारलं.

"डाक्टरबाबाले तशेच चालस," ती म्हणाली.

मी तांब्या उजेडाकडे धरला. मग पाणी प्यालो, तांब्या तिला परत दिला आणि त्या आठव्या दगडापुढे हात जोडले. मनात म्हटलं, रागावू नका, डॉक्टर. गाळलेलं आहे.